कासवाला नवं घर शोधून देणाऱ्या सेवा: भरवसा कोणावर ठेवावा

पाळीव कासव दुसऱ्या घरी द्यायचं ठरलं की आधी चार ठिकाणी फोन होतात, आणि त्या पहिल्या फोनवरच सेवेची निम्मी पारख होते. "आजच घेऊन या" असं झटक्यात उत्तर आलं तर तिथे कासव देऊ नये. "जात कोणती? वजन किती? नर की मादी? गेल्या वर्षभरात दुसऱ्या कासवांसोबत होतं का? कागद आहेत का?" अशी प्रश्नांची सरबत्ती झाली आणि शेवटी "सध्या जागा नाही, यादीत नाव घालतो" असं ऐकावं लागलं, तर ती जागा बहुधा चांगली असते. कासव घाईने घेणारा माणूस ते घाईनेच पुढे देतो.

हे परीक्षण जमिनीवरच्या पाळीव कासवांपुरतं आहे. लाल कानाच्या स्लायडरसारख्या पाण्यातल्या कासवांचं सगळंच वेगळं, आणि त्यांना घेणाऱ्या जागाही वेगळ्या.

कासव द्यायची पाळी मुख्यतः दोन कारणांनी येते. पहिलं म्हणजे आकार. सुलकाटा हे आफ्रिकेतलं मोठं कासव अंड्यातून निघतं तेव्हा जेमतेम 5 सेंटिमीटरचं असतं, तळहातावर मावतं. तेच पुढे 60-70 सेंटिमीटरचं आणि 40-50 किलोचं होतं, मोठे नर तर त्याच्याही पुढे जातात. ते शीतनिद्रा घेत नाही, म्हणजे थंड हवेत त्याला हिवाळाभर ऊब असलेली खोली लागते. बाहेर ठेवलं तर ते कित्येक फूट लांबीचं बीळ खणतं. दुसरं कारण म्हणजे आयुष्य. हर्मन, ग्रीक, हॉर्सफील्ड (रशियन) ही लहान जातींची कासवं नीट सांभाळली तर 50 वर्षं सहज जगतात. सेंट हेलेना बेटावरच्या जोनाथन नावाच्या महाकाय कासवाचा जन्म 1832 च्या सुमाराचा मानतात. पाळणाऱ्याचं वय होतं, घर बदलतं, मुलं परगावी जातात, आणि कासवाचं निम्मं आयुष्य अजून बाकी असतं. त्यामुळे नवं घर शोधताना वीस-तीस वर्षांचा हिशेब करणारी सेवाच उपयोगाची.

फक्त कासवं घेणाऱ्या संस्था

पहिला क्रमांक निःसंशय यांचाच. फक्त कासवं किंवा फक्त सरपटणारे प्राणी सांभाळणाऱ्या संस्थेचं काम तीन ठिकाणी तपासता येतं. घेताना त्या काय विचारतात, घेतल्यावर कासव कुठे ठेवतात आणि शेवटी ते कोणाला देतात.

चांगल्या संस्थेच्या अर्जात जातीचं नाव लिहून भागत नाही, फोटो मागतात. घरात वर्षानुवर्षं ज्याला 'ग्रीक' म्हटलं ते हर्मन निघणं हे नेहमीचंच. निदान चार फोटो लागतात: पाठ वरून, पोट खालून, शेपटीकडची बाजू आणि पुढचे पाय. हॉर्सफील्डच्या पुढच्या पायाला चारच नख्या असतात, ग्रीक, हर्मन अशा भूमध्य भागातल्या जातींना सहसा पाच. हर्मनच्या शेपटीच्या टोकाला शिंगासारखा काटा असतो आणि शेपटीवरचा खवला बहुधा दुभंगलेला असतो. ग्रीक कासवाच्या मांड्यांवर एकेक काटेरी उंचवटा दिसतो आणि शेपटीवरचा खवला सहसा अखंड असतो. बिबट्या कासव, तारा कासव आणि सुलकाटा यांच्या मानेवर, कवचाच्या पुढच्या कडेला, मधला छोटा खवला नसतो. फोटो बघून एवढं ज्यांना सांगता येत नाही त्यांच्याकडे कासव सोपवू नये, कारण पुढचा प्रत्येक निर्णय जातीवर ठरतो: तापमान किती, आर्द्रता किती, शीतनिद्रा द्यायची की नाही, आहारात फळ चालेल की नाही. लाल पायांच्या कासवाला 70-80 टक्के आर्द्रता लागते आणि थोडं फळही चालतं. तोच थाट हॉर्सफील्डला दिला तर ते आजारी पडू शकतं.

लांबी विचारली असेल तर ती सरळ रेषेत मोजलेली हवी. कासवाच्या पुढे-मागे दोन पुस्तकं उभी करायची आणि त्यांच्यामधलं अंतर पट्टीने घ्यायचं. कवचाच्या घुमटावरून टेप फिरवून घेतलेली लांबी जास्त येते आणि तिचा कशाशीच मेळ बसत नाही. काही ठिकाणी वजन आणि लांबी यांच्या जॅक्सन गुणोत्तरावरून तब्येत ठरवतात. ते गणित ग्रीक आणि हर्मन या दोन जातींसाठी आहे. ते सुलकाटाला किंवा हॉर्सफील्डला लावून "वजन कमी आहे" असं कोणी सांगत असेल तर त्यांच्या बाकीच्या सल्ल्यावरही किती विसंबावं, हा प्रश्नच आहे.

नर की मादी हा प्रश्न रांगेशी जोडलेला आहे. नराची शेपटी लांब आणि जाड असते, पोटाकडचं कवच बऱ्याच जातींत आत खोलगट असतं. लांबी 10 सेंटिमीटरच्या आत असेल तर खात्रीने सांगता येत नाही, आणि प्रामाणिक संस्था तसं स्पष्ट सांगते. नरांना जागा मिळायला फार वेळ लागतो, कारण दोन नर एका कुंपणात ठेवले की धडका, चावे आणि उलथवून टाकणं सुरू होतं. शिवाय कासवाचं लिंग अंडी उबवतानाच्या तापमानावर ठरतं. तापमान कमी राहिलं तर नर, जास्त राहिलं तर मादी. घरगुती उबवणीयंत्रात सावधगिरी म्हणून तापमान थोडं खालीच ठेवलं तर नरांचीच भर पडत जाते.

जोडी द्यायची असेल तर एक गोष्ट मन घट्ट करून ऐकायला लागते: चांगली संस्था जोडी फोडते. कासव हा एकट्याने राहणारा प्राणी आहे. शेजारी शेजारी बसलेली दोन कासवं पाहून आपल्याला माया दिसते, पण पुष्कळदा त्यातलं एक दुसऱ्याची दिव्याखालची जागा अडवून बसलेलं असतं. दबलेलं कासव कमी खातं, कमी वाढतं. नर-मादी असतील तर मादीच्या मागच्या पायांवर आणि शेपटीपाशी जखमा आहेत का ते आधी बघावं. "जोडी एकत्रच देऊ" असं आश्वासन कुठे मिळालं तर ते मालकाचं मन राखण्यासाठी दिलेलं असतं, कासवासाठी नाही.

विलगीकरण: इथेच बहुतेक सेवा घसरतात

हिरवळीवर वीस-पंचवीस कासवं, ग्रीक, हर्मन, हॉर्सफील्ड, मधूनच एखादं तारा कासव, सगळी आनंदाने चरतायत असा फोटो एखाद्या संस्थेने अभिमानाने लावला असेल तर तिथे आपलं कासव देऊ नये. दिसायला सुरेख असलेलं ते चित्र कासवांसाठी सगळ्यात धोक्याचं आहे.

यामागे दोन रोग आहेत. पहिला कासवांचा हर्पिस विषाणू. त्याचे प्रकार आहेत आणि जातीजातीत त्यांचा परिणाम वेगळा दिसतो. तिसऱ्या क्रमांकाचा प्रकार ग्रीक कासवं कित्येकदा अंगात घेऊन हिंडतात, लक्षण काहीच नाही. तोच हर्मनला झाला तर जिभेवर आणि टाळ्यावर पिवळसर पांढरे थर येतात, तोंडातून लाळ गळते, खाणं बंद होतं आणि बरीच कासवं दगावतात. एकदा लागण झालेलं कासव वाचलं तरी विषाणू जन्मभर त्याच्या शरीरात राहतो आणि ताण आला की पुन्हा बाहेर पडू लागतो. घर बदलणं हा ताणच. म्हणजे इतकी वर्षं ठणठणीत असलेलं ग्रीक कासव नव्या जागी गेल्यावर महिनाभरात शेजारच्या हर्मनला रोग देऊ शकतं.

दुसरा मायकोप्लाझ्मा नावाच्या जंतूचा. नाकातून पाणी, नाकपुडीवर बुडबुडे, श्वास घेताना शिट्टीसारखा आवाज. प्रतिजैविकांनी लक्षणं दबतात, जंतू मात्र बहुधा पूर्ण जात नाही. अशा कासवाला एकतर एकट्याचं घर लागतं, नाहीतर आधीच त्या जंतूची लागण असलेल्या त्याच्याच जातीच्या कासवांचा गट.

त्यामुळे संस्थेला थेट विचारावं: नवं आलेलं कासव किती दिवस वेगळं ठेवता? तीन महिने हे किमान उत्तर. सहा महिने असेल तर उत्तम, आणि शीतनिद्रा घेणाऱ्या जातीला एक पूर्ण हिवाळा वेगळा काढू देणाऱ्या संस्था त्याहून चांगल्या. "दोन आठवडे" हे उत्तर कुत्र्या-मांजरांच्या निवाऱ्यातून उचललेलं आहे. कासवाच्या शरीरात सगळंच सावकाश चालतं, रोग दिसायलाही वेळ लागतो.

वेगळं ठेवणं म्हणजे नेमकं काय, हेही विचारता येतं. वेगळी खोली हवी, निदान वेगळं कुंपण, ज्याच्या जाळीतून नाकाला नाक लागणार नाही. पाण्याची थाळी, आंघोळीचा टब, चिमटे, ब्रश सगळं त्या कासवाचं स्वतंत्र. दिवसाच्या कामात विलगीकरणातल्या कासवांचा नंबर शेवटी. खाली मातीऐवजी कागद, म्हणजे विष्ठा लगेच दिसते आणि ताजा नमुना तपासायला मिळतो. तोंडातून घेतलेल्या बोळ्याची पीसीआर तपासणी कितीदा होते? एकदा 'नाही' आलं म्हणजे सुटलो असं नसतं, कारण विषाणू शरीरात दबून असताना तोंडातून बाहेर पडत नाही. म्हणून काही आठवड्यांनी पुन्हा तपासणी आणि जोडीला रक्तातल्या प्रतिपिंडांची चाचणी करणारी संस्था खरी.

जंतांचंही तसंच. सुतासारखे बारीक ऑक्सियुरिड जंत थोड्या प्रमाणात बहुतेक कासवांत सापडतात आणि त्यांची संख्या कमी असेल तर जाणकार डॉक्टर औषध न देताही सोडतात. मोठे गोल जंत, म्हणजे अॅस्करिड, मात्र काढावे लागतात. त्यासाठी सहसा फेनबेंडाझोल वापरतात. इथे एक प्रश्न हमखास विचारावा: आयव्हरमेक्टिन वापरता का? उत्तर 'हो' असेल तर तिथून निघावं. कुत्र्या-घोड्यांना सर्रास दिलं जाणारं हे औषध कासवाला विषारी आहे, त्याने पाय लुळे पडतात आणि श्वास थांबून कासव मरतं.

कोणाला देतात

चांगली संस्था घेणाऱ्याचं घर बघते, प्रत्यक्ष किंवा निदान व्हिडिओवर. काय बघते त्यावरून तिची समज कळते. कुंपण आरपार दिसणारं नको, कारण पलीकडचं दिसलं की कासव दिवसभर तिथेच घासत, चढत राहतं. हॉर्सफील्डसाठी कुंपण जमिनीवर जितकं, साधारण 30 सेंटिमीटर, तितकंच जमिनीखालीही हवं आणि कोपऱ्यांवर आत झुकलेली कड हवी, कारण हे कासव खणतंही आणि कोपऱ्यात पाठ टेकून चढतंही. घरात कुत्रा असेल तर दोघांमध्ये बंद दार असणार का, हा प्रश्न यायलाच हवा. वर्षानुवर्षं शांत असलेला कुत्रा एक दिवस कासवाचं कवच हाडासारखं चावतो, आणि कवच म्हणजे जिवंत हाडच आहे.

घरातल्या जागेत अतिनील-ब किरणांची नळी हवी. टी5 प्रकारची (ही बारीक नळी असते), वेष्टनावर 10 किंवा 12 टक्के अतिनील-ब असं लिहिलेली. ती साधारण वर्षभराने बदलावी लागते, कारण उजेड दिसत असतो पण अतिनील किरण कमी झालेले असतात. गुंडाळीच्या छोट्या बल्बवर किंवा खिडकीतल्या उन्हावर भागवणाऱ्या घराला कासव देऊ नये. काचेतून अतिनील-ब जवळजवळ येतच नाही. दिव्याखालच्या दगडाचं तापमान 35 ते 40 अंश सेल्सिअस आणि दुसऱ्या टोकाला 20-25 अंश, म्हणजे कासवाला हवं तसं सरकता येतं. एकच तापमान असलेली पेटी कितीही महाग असली तरी वाईटच.

करारात एक कलम असलंच पाहिजे: पुढे कधीही ठेवता आलं नाही तर कासव याच संस्थेकडे परत येईल, परस्पर तिसऱ्याला दिलं जाणार नाही. पिल्लं काढायला वापरणार नाही, विकणार नाही, हीही कलमं चांगल्या संस्था घालतात. परत घेण्याचं कलम नसेल तर त्या संस्थेचा एक गुण नव्हे, चार गुण कापावेत.

आता या संस्थांची उणी बाजू. थांबावं लागतं, कधीकधी कित्येक महिने. शीतनिद्रेच्या मोसमात बऱ्याच जागा नवं कासव घेतच नाहीत. मोठा नर सुलकाटा असेल तर सरळ नकार मिळतो, कारण त्याच्यासाठी भक्कम भिंतींचं मोठं आवार लागतं आणि अशी आवारं मोजकीच. घेताना देणगी मागतात; ती खळखळ न करता द्यावी, एका हर्पिस तपासणीचा आणि सहा महिन्यांच्या विजेचा खर्च कोणीतरी उचललेलाच असतो. आणि नवं घर कोणाचं, हे जुन्या मालकाला सहसा सांगत नाहीत. ते खटकतं, पण पटण्यासारखं आहे.

स्वतः जाहिरात देऊन घर शोधणं

संस्थेची रांग फार लांब असेल तर हा मार्ग वाईट नाही, फक्त संस्थेचं सगळं काम आपल्यालाच करावं लागतं. जाहिरातींच्या जागा ही फक्त ओळख करून देणारी सेवा असते. तिथे कोणी कोणाला तपासत नाही, हे गृहीत धरूनच उतरावं.

'फुकट, आजच न्या' असं लिहू नये. फुकटचं कासव उचलून दुसरीकडे विकणारे त्यावरच टपलेले असतात. त्याचबरोबर हेही लक्षात ठेवायचं की काही जातींच्या बाबतीत पैसे घेतले की कायद्याच्या दृष्टीने ती विक्री ठरते आणि त्याला वेगळं प्रमाणपत्र लागतं. तेव्हा मोबदला मागायचा की नाही हे आपल्या कासवाच्या जातीचे नियम बघूनच ठरवावं.

घेणाऱ्याला विचारायचे प्रश्न थोडे पण नेमके असावेत. "प्राण्यांची आवड आहे का?" विचारून काही कळत नाही, त्याला सगळेच हो म्हणतात. त्यापेक्षा विचारावं: अतिनील नळी शेवटची कधी बदलली? कासवांवर उपचार करणारे डॉक्टर कोण, किती लांब आहेत? आत्ता घरात दुसरी कोणती कासवं आहेत आणि याला किती महिने वेगळं ठेवणार? काल कासवाला काय घातलं? "काकडी आणि लेट्यूस" असं उत्तर आलं तर तिथे कासवाला चोथाही मिळत नाही आणि कॅल्शियमही. भूमध्य भागातल्या जातींना रानटी पानं, तण, फुलं हवीत; सुलकाटा आणि बिबट्या कासवाला बराचसा भाग गवत आणि वाळलेलं गवत. जागेचे फोटो आधी मागवावेत, आणि कासव घेऊन आपणच तिथे जावं. घेणारा "मी रस्त्यात भेटतो" म्हणाला तर नको म्हणावं.

बाकीच्या जागांबद्दल थोडक्यात

कुत्र्या-मांजरांचे सर्वसाधारण निवारे मनापासून काम करतात, पण दिवा, उष्णता आणि सहा महिन्यांचं विलगीकरण त्यांच्याकडे क्वचितच असतं. ते कासव तात्पुरतं ठेवून खास संस्थेकडे पाठवत असतील तर ठीक, स्वतःच दत्तक देत असतील तर वरचेच प्रश्न त्यांनाही विचारावेत. प्राणिसंग्रहालयं पाळीव कासवं सहसा घेत नाहीत. त्यांच्याकडच्या गटात बाहेरचा रोग शिरू नये आणि वंशावळ माहीत नसलेला प्राणी मिसळू नये, हे त्यामागचं कारण आहे. तिथे फोन करण्यात वेळ घालवू नये. शाळेत देणं तर नकोच. सुट्ट्यांत कोण बघणार हे ठरलेलं नसतं, आणि कासवाच्या विष्ठेत साल्मोनेला हा माणसाचं पोट बिघडवणारा जंतू असू शकतो. पाच वर्षांखालची मुलं असतील तिथे हा धोका खराच आहे. परत घेणारी दुकानं जुनी-नवी कासवं एकाच पेटीत ठेवतात, त्यामुळे ती यादीत तळाला.

आणि सोडून देणं हा पर्यायच नाही. परक्या हवेत कासव हळूहळू, महिनोन्महिने मरतं. जगलं तर तिथल्या रानातल्या कासवांना आपले जंतू देतं.

कागद

जमिनीवरच्या कासवांच्या संपूर्ण टेस्टुडिनिडी कुळाचा व्यापार 'साइट्स' या आंतरराष्ट्रीय करारात येतो. बहुतेक जाती दुसऱ्या परिशिष्टात आहेत. पहिल्या, सगळ्यात कडक परिशिष्टात किरणांच्या नक्षीचं मादागास्करचं रेडिएटेड कासव, इजिप्शियन कासव आणि गॅलापागोस कासव आहे. तारा कासव आणि पॅनकेक कासव ही 2019 च्या परिषदेत तिथे गेली. प्रत्येक देशाचे पाळण्याचे नियम वेगळे असतात. तारा कासवासारखी जात तिच्या मूळ देशांतच घरात ठेवणं गुन्हा असू शकतं, आणि तिथे ते वन खात्याच्या हवाली करण्यावाचून दुसरा रस्ता नसतो. म्हणून जाहिरात देण्याच्या आधी, पहिल्याच दिवशी, हे तपासावं.

कागद मागणारी संस्था त्रासदायक वाटते, पण कागदाविना आलेलं कासव पुढे कायदेशीर घरी देणं तिलाही अवघड जातं. मायक्रोचिप असेल तर ती बहुधा डाव्या मागच्या पायात असते. स्कॅनरवर 15 आकडी क्रमांक येतो. तो क्रमांक प्रमाणपत्रावरच्या क्रमांकाशी जुळतो का हे देण्याआधी एकदा बघून घ्यावं आणि नोंदणीत मालकाचं नाव बदलण्याचा अर्ज सोबतच द्यावा. हे काम आपणहून करून देणाऱ्या संस्था आहेत, आणि त्यांचं कौतुक केलं पाहिजे.

सोपवण्याचा दिवस

वेळ नीट निवडावी. शीतनिद्रा घेणारं कासव उठून, खाऊन, वजन भरून आल्यावर द्यावं. वसंताच्या शेवटापासून भर उन्हाळ्यापर्यंतचा काळ चांगला. शीतनिद्रेआधीचे तीन-चार आठवडे कासवाचं खाणं थांबवलेलं असतं, त्या वेळी किंवा प्रत्यक्ष शीतनिद्रेत त्याला हलवू नये. काहीजण शीतनिद्रेसाठी कासव फ्रिजमध्ये ठेवतात; "फ्रिजमध्ये झोपलंय तसंच घेऊन या" असं सांगणारी सेवा काट मारण्याच्या लायकीची.

मादी असेल तर एक्स-रे काढून अंडी आहेत का बघावं. अंड्यांनी भरलेली मादी अनोळखी जागी खणायला तयार होत नाही, अंडी अडकतात, आणि ते जिवावर बेततं. कधीकाळी नरासोबत राहिली असेल तर तेही लिहून द्यावं, कारण मादी शुक्राणू साठवून ठेवते आणि नर दूर झाल्यावर पुढची काही वर्षंही फलित अंडी घालू शकते.

आदल्या दिवशी नेहमीसारखं खायला द्यावं आणि वीसेक मिनिटं कोमट पाण्यात बसवावं, पाणी पोटकवच आणि पाठीचं कवच जुळतात तिथवरच. उचलल्यावर कासव बऱ्याचदा मूत्राशय रिकामं करतं, म्हणजे साठवलेलं पाणी जातं. आंघोळीने ती तूट आधीच भरून निघते. निघण्याच्या दिवशी खायला नको.

खोका अपारदर्शक, भोकं पाडलेला आणि कासवापेक्षा थोडाच मोठा हवा. ऐसपैस खोक्यात ते भिंतीवर चढून उलटं पडतं. उलटं पडलं की पोटातले अवयव पाठीला लागून असलेल्या फुप्फुसांवर दाबले जातात. मोठं कासव फार वेळ तसं राहिलं तर गुदमरतं. तळाला घसरणार नाही असा टॉवेल, भोवती कागदाच्या पट्ट्या. एका खोक्यात एकच कासव. गाडीत 20 ते 25 अंशांच्या आसपास, पट्ट्याने बांधलेलं, आणि बंद गाडीत पाच मिनिटंही एकटं सोडायचं नाही.

सोबत एक पान द्यावं: जात, अंदाजे जन्मवर्ष, कुठून आलं, गेल्या वर्षभराची वजनं तारखांसह, शीतनिद्रेच्या तारखा आणि त्यात घटलेलं वजन, झालेले आजार, औषधं, काय खातं, काय खात नाही. त्याचा दिवा, नळी आणि ओळखीची लपायची खोपी याच कासवाच्या वापरासाठी सोबत दिली तर नव्या जागी ते लवकर रुळतं. जुनी माती आणि लाकूड मात्र देऊ नये, जंतांची अंडी त्यातूनच जातात.

दिल्यानंतर

पहिले आठ-दहा दिवस कासव लपून बसेल, कुंपणाच्या कडेने फेऱ्या घालेल, खाणं टाकेल. हे अपेक्षित आहे आणि चांगली संस्था नव्या पालकाला ते आधीच लिहून देते, नाहीतर घाबरून लोक फळं चारायला लागतात. नाकात बुडबुडे, तोंड उघडून श्वास, सुजलेले डोळे किंवा दोन आठवड्यांनंतरही खाणं नाही, यातलं काही दिसलं तर मात्र डॉक्टरांकडे न्यायलाच हवं. वजन आठवड्यातून एकदा, ठरलेल्या वेळी, आंघोळीच्या आधी. लघवी झाली की आकडा एकदम खाली येतो, म्हणून एका दिवसाच्या आकड्यावर न जाता तीन-चार आठवड्यांचा कल बघायचा.

देणारी संस्था पुढे विचारपूस करते का, हा शेवटचा निकष. पहिला फोन आठवड्याभरात, दुसरा महिन्याने, तिसरा पहिल्या शीतनिद्रेच्या तोंडावर. त्या तिसऱ्या फोनला फार किंमत आहे. नव्या पालकाला तेव्हा सांगायचं असतं की पहिल्या वर्षी तब्येतीची खात्री नसेल तर शीतनिद्रा देऊच नये. द्यायची असेल तर 3 ते 7 अंश, दर आठवड्याला वजन, महिन्याला साधारण एक टक्क्यापेक्षा जास्त घट होत असेल किंवा झोपेत लघवी केलेली दिसली तर त्याच दिवशी उठवून कोमट पाण्यात ठेवायचं. असा फोन करणारी संस्था सापडली तर रांगेत वर्षभर थांबावं लागलं तरी थांबावं.